भिंतीला झरोका पाडायचा, पण कुठे आणि केवढा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीच्या बाजूला गावात चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर. चार वर्षांपूर्वी कौलं उतरवून स्लॅब घातला, लाकडी खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या. तेव्हापासून दर पावसाळ्यात आईंच्या मागच्या खोलीत कुबट वास येतो, कपाटामागे काळी बुरशी धरते, चामड्याच्या चपला पांढऱ्या होतात. गवंडी म्हणतो, भिंतीला चार इंची चार भोकं पाडून गोल व्हेंट बसवू. ते कुठले घ्यावेत, कुठे बसवावेत, पाऊस आत येईल का? आणि न्हाणीघरात गॅस गिझर आहे, तिथेही एक व्हेंट बसवला तर चालेल का?

घरदुरुस्तीची कामं करून मला चोवीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी कोकणातली. शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बुरशी एक पावसाळा थांबेल, हा थांबणार नाही.

न्हाणीघरात व्हेंट बसवून गिझर आत ठेवायचा, असं करू नका. गिझर बाहेर काढा. हिशेब बघा. पाच बाय सातचं न्हाणीघर, नऊ फूट उंच, म्हणजे आत साधारण ९ घनमीटर हवा. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पंधरा मिनिटं चालला तर पाव किलोच्या आसपास गॅस जळतो, आणि तेवढा गॅस जळायला ३ घनमीटर हवेतला प्राणवायू लागतो. म्हणजे एका आंघोळीत खोलीतल्या तिसऱ्या हिश्शाच्या हवेचा कस गेला. प्राणवायू कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणसाला गरगरतं, पायांतलं बळ जातं, आणि कडी तर आतून लावलेली असते. माझ्या ओळखीच्या एका घरात कॉलेजात जाणाऱ्या मुलाला दार फोडून बाहेर काढावं लागलं. तो वाचला. त्या न्हाणीघराला वर चांगला हातभर लांबीचा झरोका होता, फक्त थंडी म्हणून त्यात पोतं कोंबलेलं होतं. झरोक्याला कोणी ना कोणी कधीतरी बोळा घालतंच, म्हणून जीव त्याच्या भरवशावर ठेवायचा नाही. गिझर मागच्या पडवीत, उघड्या हवेशीर जागी, पावसाच्या झडीपासून आडोशाला लावा आणि गरम पाण्याची नळी आत घ्या. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे, या आठवड्यातच करून घ्या. त्यानंतर न्हाणीघर वाळायला व्हेंट हवा तर खुशाल बसवा.

आता आईंची खोली.

तुमचं घर आधी कुबट नव्हतं, कारण कौलारू घर स्वतःच श्वास घेतं. एका कौलावर दुसरं कौल नुसतं टेकलेलं असतं, मध्ये बोटभर फटी. खालची हवा तापून वर चढते आणि त्या हजार फटींतून निघून जाते. लाकडी खिडकीच्या झडपाही कधी पुऱ्या बसत नाहीत. तुम्ही स्लॅब घातला, रबरी पट्टीच्या खिडक्या लावल्या आणि घर डब्यासारखं बंद झालं. यात चूक काही नाही, दर दोन वर्षांनी कौलं चाळायला माणूस मिळत नाही हे मलाही माहीत आहे. पण जी वाट आपण बुजवली ती दुसरीकडे मोकळी करून द्यायला हवी होती, आणि ते कंत्राटदाराने सांगायला हवं होतं.

तरीही भोक पाडण्याआधी ओल कुठून येते ते बघा. भिंतीतून येणारी ओल आणि हवेतून बसणारी ओल दिसायला सारखी, उपाय मात्र वेगळे. गणपतीला घरी जाल तेव्हा हे करा. बुरशीच्या जागेजवळ भिंत कोरड्या फडक्याने पुसा. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर चौकोन तिथे ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या खोलीकडच्या अंगाला दव असेल तर ओल हवेतली. सोडवल्यावर भिंतीकडचं अंग ओलं निघालं तर पाणी भिंतीतून येतंय, आणि मग व्हेंट कितीही बसवा, बुरशी हटणार नाही. तेव्हा बाहेरचा गिलावा, छज्जाचा सांधा, स्लॅबवरचा पाण्याचा उतार हे बघावं लागेल. गिलाव्याला लोणा फुटला असेल, म्हणजे पांढरी भुकटी हाताला लागत असेल, तर तीही भिंतीतल्या पाण्याची खूण. चिऱ्याच्या भिंतीत हे फसवं असतं. जांभ्याला पोकळ्या असतात, पाणी एकीकडे शिरतं आणि चार फुटांवर भलतीकडेच डोकं काढतं. म्हणून फॉइल एकाच जागी न लावता तीन ठिकाणी लावा: जमिनीपासून फूटभर वर, छातीइतक्या उंचीवर आणि छताखाली.

तुम्ही लिहिलंय की बुरशी कपाटामागेच जास्त आहे आणि बाहेरून त्या भिंतीला पडवी आहे. त्यावरून माझा अंदाज हवेतल्या ओलीचा आहे. ती येते कुठून, तर आपल्याकडूनच. झोपलेलं माणूस श्वासातून आणि घामातून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी सोडतं. मशीनमधून पिळून काढलेले कपडे पावसात घरातल्या दोरीवर टाकले की त्यातलं दीड-दोन लिटर पाणी खोलीतच राहतं. आणि हे फार जणांच्या ध्यानात येत नाही: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त वाफ तयार होते. १४.२ किलोचा सिलिंडर संपतो तेव्हा घराच्या हवेत साधारण २२ लिटर पाणी गेलेलं असतं. कौलांतून हे सगळं निघून जायचं. आता ते घरातल्या सगळ्यांत थंड, हवा न लागणाऱ्या जागी जाऊन बसतं, म्हणजे कपाटामागे.

तुमच्या मनात येईल, जुलैत बाहेरच एवढी ओल, मग बाहेरची हवा आत घेऊन काय मिळवायचं? प्रश्न रास्त आहे, आणि व्हेंट विकणारे याचं उत्तर देत नाहीत. बाहेर २६ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असली की घनमीटरभर हवेत २३ ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं. तीच हवा आत येऊन २९ अंशांना पोचली तर आर्द्रता ८० टक्क्यांवर येते, कारण उबदार हवेत बाष्प मावायला जागा जास्त. भिंतीलगतची आर्द्रता सतत ८० च्या वर राहिली की बुरशी पोसते. म्हणजे वाहती हवा तुम्हाला जेमतेम काठावर आणून ठेवते. तिच्यात आपल्या श्वासाची, कपड्यांची, चुलीची भर पडली की खोली काठ ओलांडते. व्हेंटचं काम ही भर बाहेर काढण्याचं. तो खोली बाहेरपेक्षा कोरडी करू शकत नाही, आणि कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. म्हणूनच फुकटातली दोन कामं आधी करा: कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आणि कपड्यांची दोरी पडवीत न्या. काही घरांत एवढ्यावरच भागतं.

एवढं करूनही वास राहिला तर व्हेंट. त्यात पहिली गोष्ट अशी की एक भोक म्हणजे व्हेंट नव्हे. हवेला यायला एक वाट लागते आणि जायला दुसरी. गवंड्याने सांगितलेली चारही भोकं एकाच भिंतीवर, एकाच उंचीवर असतील तर वारा नसलेल्या रात्री हवा हलणारच नाही. एक खाली आणि एक वर, शक्यतो समोरासमोरच्या भिंतींवर, निदान वेगळ्या भिंतींवर, अशी जोडी हवी. खालचा जमिनीपासून दीड फुटावर. त्याहून खाली गेलात तर अंगणात उडणारे पावसाचे शिंतोडे, उंदीर आणि आपल्याकडे सापही. वरचा लिंटेल, म्हणजे दार-खिडकीवरची आडवी काँक्रीटची पट्टी, आणि स्लॅबची बीम यांच्या मधल्या भागात. दहा फुटी खोलीत लिंटेलची वरची कड साडेसात फुटांवर येते आणि बीम नऊ फुटांवर सुरू होते, म्हणजे भोकाचा मध्य सव्वाआठ फुटांवर. बीमला, लिंटेलला, कॉलमला हात लावायचा नाही. कोपऱ्यापासून आणि खिडकीच्या कडेपासून निदान फूटभर अंतर सोडायचं, कारण चिऱ्याची भिंत वजन पेलत असते.

कुठली भिंत? आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो आणि पाऊस आडवा मारतो. वरचं भोक त्या अंगाला कधीही नको. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीला घ्या. वाऱ्याच्या आडोशाच्या भिंतीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे वारा स्वतःच खोलीतली हवा तिथून ओढून घेतो. खालचं भोक पडवीत उघडलं तर उत्तम, तिथे पाऊस पोचत नाही आणि हवा मात्र खेळती असते. पडवीत गुरं किंवा शेणाची रास असेल, किंवा तुम्ही आता हलवणार आहात तो गिझर तिथेच येणार असेल, तर त्याच्या शेजारी आत येणाऱ्या हवेचं भोक घेऊ नका. गिझर पडवीच्या दुसऱ्या टोकाला लावा.

आता माप. चार इंची म्हणून जो ११० मिलिमीटरचा पाइप मिळतो त्याचं तोंड आतून ८५ चौरस सेंटिमीटर भरतं. सहा इंची, म्हणजे १६० चा, घेतला तर १८०. चार लहान भोकांचं मिळून ३४०, दोन मोठ्यांचं ३६०. म्हणजे अर्ध्या भोकांत थोडी जास्तच हवा, आणि पाणी शिरायच्या जागाही अर्ध्या. शिवाय जाळी बसली की तोंडाचा तिसरा हिस्सा जातो, धूळ बसली की आणखी. जाळी धरून १६० ची एक जोडी, वर-खाली सहा-साडेसहा फुटांचं अंतर, आत-बाहेर तीन अंशांचा फरक आणि वारा अजिबात नाही, असा हिशेब केला तर तासाला ११ घनमीटर हवा बदलते. दहा बाय बाराच्या खोलीची हवा पुरी बदलायला तीन तास. झुळूक असली की हेच प्रमाण अडीच-तीन पटींवर जातं. आई एकट्या झोपतात, त्यांना एक जोडी पुरेल, दार किंचित उघडं राहिलं तर चांगलीच पुरेल. दोघं-तिघं झोपणार असतील तर दोन जोड्या घ्या, किंवा गोल व्हेंटऐवजी नऊ बाय नऊ इंचाची पात्यांची जाळी बसवा.

दुकानात काय मागायचं ते सांगतो, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. काउंटरवर सगळ्यांत आधी दाखवतात तो हलत्या पात्यांचा चौकोनी व्हेंट, पाती हाताने उचलली की टपकन मिटतात. तो एक्झॉस्ट फॅनच्या बाहेर लावायचा असतो. पंख्याच्या जोराने पाती उघडतात, पंखा थांबला की मिटतात. मागे पंखा नसेल तर आपल्या वाऱ्याने ती उघडतच नाहीत. अशा मिटलेल्या पात्यांचे व्हेंट वर्षानुवर्षं भिंतीत बसलेले मी पाहिलेत, आतून कोळिष्टकंसुद्धा हललेली नाहीत. तुम्हाला बाहेरून खाली तोंड असलेली टोपी हवी, आणि आतून हाताने बंद करता येईल असं झाकण. झाकण हवंच. वादळी रात्री उपयोगी पडतं, आणि पुढेमागे खोलीत एसी बसवलात तर तो चालू असताना व्हेंट बंद ठेवावा लागेल. नाहीतर बाहेरची दमट हवा थंड भिंतीवर दव होऊन बसेल आणि बुरशी दुप्पट होईल.

टोपी प्लास्टिकची घ्या, यूपीव्हीसीची किंवा जाड एबीएसची. लोखंडी पत्र्याची, रंग दिलेली असली तरी, खाऱ्या हवेत टिकत नाही. खाली गंजाचे ओघळ भिंतीवर उतरतात ते वेगळंच. जाळी आणि स्क्रू दोन्ही स्टेनलेस स्टीलचे, ३०४ प्रतीचे. घर अगदी समुद्रावर असेल तर ३१६. बाहेरून उंदरासाठी ६ मिलिमीटर घरांची मजबूत जाळी, आतून काढता-घालता येणारी मच्छरजाळी. आतली जाळी चिकटवून टाकणारे कारागीर असतात, त्यांना आधीच बजावा, कारण ती धुवायची आहे.

बसवताना जे चुकतं ते बहुधा उताराचं. देवरुखकडच्या एका घरात सुरुवातीच्या वर्षांत मी असेच दोन व्हेंट बसवले होते. पाइप अगदी सरळ, पातळी लावून, आणि मला त्याचा अभिमान होता. पहिल्याच मुसळधार रात्री टोपीच्या आत उडालेलं पाणी पाइपात साचलं आणि खोलीच्या बाजूने ओघळून खालच्या लाकडी पेटीवर पडत राहिलं. पेटीत त्या घरातल्या आजींच्या नऊवारी होत्या. दोन साड्यांना जे डाग पडले ते गेले नाहीत. त्या दिवसापासून पाइप बाहेरच्या बाजूला उतरता ठेवतो. नऊ इंची भिंतीत ६ ते ८ मिलिमीटरचा उतार पुरतो, करंगळीच्या नखाएवढा.

भोक छिन्नी-हातोड्याने पाडू देऊ नका. जांभा ठिसूळ असतो, सहा इंचांचं भोक पाडता पाडता हातभर खड्डा होतो आणि मग तो कशानेही बुजवतात. कोअर कटर, म्हणजे गोल भोक कापणारं यंत्र, भाड्याने मिळतो, चालवणाऱ्या माणसासकट. आधी स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि आडव्या रेषेत कुठे वायर गेली आहे ते तपासा. मग मधोमध एक बारीक भोक आरपार पाडून घ्या, उतार तिथेच ठरतो. कटर निम्म्यापर्यंत आतून आणि निम्मा बाहेरून चालवा, म्हणजे बाहेरचा गिलावा पापुद्र्यासारखा उडत नाही. पाइप बाहेर गिलाव्याच्या पुढे सेंटिमीटरभर काढा. पाणी तिथून थेंबाने खाली पडतं, भिंतीवरून ओघळत नाही. भोक पाइपापेक्षा थोडं मोठंच ठेवा, आणि मधली फट पॉलिमर घातलेल्या सिमेंट मसाल्याने ठासून भरा, दोन्ही बाजूंनी, पुरी खोलवर. नुसता फोम मारून वरून व्हाइट सिमेंट फासलं तर पाणी जांभ्याच्या पोकळ्यांत शिरेल, आणि आत्ता नाही ती भिंतीची ओल खरोखर सुरू होईल. मसाला वाळल्यावर बाहेरून टोपीच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना सीलंट. खालची कड मोकळी सोडा. चुकून आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं.

काम झालं की उदबत्ती लावा, पंखा बंद करा, दार-खिडक्या लावून घ्या आणि खालच्या व्हेंटजवळ धरा. धूर आत वळला पाहिजे. मग स्टुलावर चढून वरच्याजवळ धरा, तिथे तो बाहेर ओढला गेला पाहिजे. पडत्या पावसात कधी उलटही वाहतं, त्याने बिघडत नाही, वाहतंय ना एवढं बघायचं. दोन्हीकडे धूर सरळ वर जात असेल तर वाट कुठेतरी अडली आहे, बहुधा झाकणात किंवा जाळीत.

स्वयंपाकघराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तिथे सिलिंडर आहे म्हणून सांगतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर पसरतो, म्हणून तिथे जमिनीलगत बाहेर उघडणारी वाट हवीच, आणि ती गटारात किंवा खड्ड्यात उघडता कामा नये. शहरात नळाने येणारा गॅस हवेपेक्षा हलका, तो छताशी जमतो, तिथे वरचा झरोका महत्त्वाचा. सिलिंडर सोडून नळाचा गॅस घेणाऱ्या घरांत हा बदल कोणी करत नाही.

तुमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये मात्र असं काही स्वतःहून करू नका. नव्या बऱ्याच इमारतींत मायवान शटरिंगने, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत, ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात, विटेची भिंत नावालाही नसते, आणि प्रत्येक भिंत वजन पेलते. सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरचा होकार असल्याशिवाय तिथे कोअर कटर लावायचा नाही. त्यापेक्षा खिडकीच्या वरच्या काचेच्या जागी पात्यांची पट्टी बसवून घ्या. बाथरूमच्या दाराखाली १२ मिलिमीटर फट ठेवली तरी पाऊण मीटरच्या दाराला ९० चौरस सेंटिमीटर वाट मिळते, म्हणजे अख्ख्या चार इंची व्हेंटएवढी, आणि सुताराला अर्धा तास लागतो.

गावच्या घराचं काम दसऱ्यानंतर काढा, भिंती वाळलेल्या असतात आणि मसाला नीट धरतो. पुढे दरवर्षी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांत, कौलं-पन्हळींच्या जोडीने, व्हेंटही धरा. आतली जाळी काढून जुन्या दातांच्या ब्रशने साबणाच्या पाण्यात धुवा. बाहेरच्या टोपीत बॅटरी मारून बघा, कुंभारीण माशी तिथे हमखास मातीचं घर बांधते, आणि एकदा बांधलं की अर्धं तोंड बंद. लाकडी काटकीने खरवडलं की निघतं, फक्त आत माशी नाही ना ते आधी बघा. आईंना स्टुलावर चढू देऊ नका, वरची जाळी तुम्ही मे महिन्यात जाल तेव्हा स्वतः काढा.